आयत्या वेळचा विषय : कृष्णा

प्रति,
कृष्णाकाठच्या सहकारी साखर कारखान्यांचे अध्यक्ष व संचालक मंडळ,
सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे पदाधिकारी,
आणि माझे सर्व सभासद बंधू-भगिनी,
जिल्हा सांगली.

स.न.वि.वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस परवा आली, सोबत अहवालही आला. मागील सभेचा वृत्तान्त कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकारणे, लेखापरीक्षकांची नेमणूक, आणि शेवटी नेहमीचं कलम : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे.’ माझा विषय आयत्या वेळी आलेला नाही. तो कित्येक वर्षं आपल्या काठावर पडून आहे. पण विषयपत्रिकेत त्याला दुसरी जागा नाही, म्हणून या कलमाखाली मांडते आहे. विषय आहे कृष्णा नदीचा.

मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात राहते. मालक गेल्यावर शेअर माझ्या नावावर झाला, त्याला नऊ वर्षं झाली. अडीच एकर ऊस आहे, पाणी लिफ्टचं, म्हणजे नदीतून पंपानं उचललेलं. गेल्या हंगामात ११८ टन ऊस घातला. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की बाहेरची कुणी बाई येऊन कारखान्यांवर दगड मारते आहे. माझ्या मुलाचं शिक्षण उसाच्या बिलावर झालं, लेकीचं लग्न बिलावर झालं, घराला स्लॅब पडली तीही बिलावरच. कारखाना बंद पडावा असं म्हणणारी मी शेवटची असेन.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. मार्च लागला होता, हंगाम संपत आला होता. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, त्यामुळं पाणी उभं होतं. पहाटे पाचच्या सुमारास शेजारच्या भोईकाकांनी दार वाजवलं. म्हणाले, “वहिनी, नदीवर चला. बघा काय झालंय.” बॅटरी घेऊन निघालो. घाट दिसायच्या आधी वास आला. गुऱ्हाळावर काकवीचं भांडं आठवडाभर उघडं राहिलं तर येईल तसा आंबूस, आणि त्याच्या खाली कुजका. पायऱ्या उतरून बॅटरी पाण्यावर मारली तर पाणी दिसेचना, नुसती पांढरी पोटं. काठापासून मधल्या धारेपर्यंत. काही मासे अजून जिवंत होते, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते, आणि तसं तोंड उघडायचा बारीक चपचप आवाज सगळ्या घाटाला येत होता. तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

शेवटच्या पायरीशी हातभर लांबीची वाम पडली होती. वाम तळाशी राहणारी, दगडाच्या कपारीत तोंड घालून बसणारी. ती पायरीवर आली म्हणजे खाली राहणं अशक्य झालं म्हणून आली. काकांनी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि कुणाच्या तरी बादलीत सोडलं, बादलीत आडाचं पाणी होतं. तिनं एक वळण घेतलं आणि तळाला जाऊन निपचित पडली. जगली की नाही ते मी बघितलं नाही, कारण तेवढ्यात काका म्हणाले, “यात मरळ किती हाय बघा.” आम्ही शोधलं. शिंगटा होता, कटला होता, चिलापी तर ढिगानं होती. मरळ दोन सापडल्या. काका म्हणाले, “मरळ वर येऊन हवा घेती. बाकीच्यांस्नी पाण्यातलंच लागतं. जालीम विष असतं तर मरळपण सुटली नसती. पाण्याचा दम संपला, वहिनी.”

काकांची शाळा चौथीपर्यंत. पुढं दुपारी अधिकारी आले, बाटल्यांत पाण्याचे नमुने भरले, बाटल्यांना लेबलं लावली. तोवर वरून आलेलं काळं पाणी खाली निघून गेलेलं होतं. पेपरात ‘मळीमिश्रित पाण्यामुळे’ असं छापून आलं, मग खुलासे आले, मग पंधरा दिवसांनी सगळं शांत झालं. पाणी कुणाच्या पाइपातून आलं हे मला माहीत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही, घेणारही नाही. मला त्या दिवशी खटकलं ते वेगळंच. कारण सगळ्यात आधी कळलं ते भोईकाकांना, सगळ्यात नेमकं कळलं तेही त्यांनाच. आणि त्या पूर्ण प्रकरणात त्यांना एकही प्रश्न कुणी विचारला नाही.

आपल्याकडं मळी हा शब्द दोन अर्थांनी चालतो. काठाची मळी म्हणजे पुरानं आणून टाकलेल्या गाळाची जमीन, आपल्या रानातलं सोनं. कृष्णाकाठच्या वांग्याला जी चव आहे ती या मळीची. आणि दुसरी मळी कारखान्यातली, साखर काढल्यावर उरणारा काळा चिकट पाक. माझ्या सासूबाईंच्या तोंडी हा शब्द आला की समोर वांग्याचं रान उभं राहायचं. माझ्या नातवाला विचारलं तर तो नाक मुरडतो. एका शब्दाचा अर्थ तीन पिढ्यांत असा फिरला, आणि तो फिरताना मी इथंच होते, ऊस घालत होते. म्हणून ही दुसरी मळी एकट्या अध्यक्षांची नाही, तिच्यात माझ्या ११८ टनांचा वाटा आहे.

माझी सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. भोईकाकांचं वाक्य मी तिला सांगितलं तेव्हा तिनं वहीवर हिशेब मांडून दाखवला. तो इथं देते, कारण आपण सभासद हिशेबाला पक्के आहोत. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर डिस्टिलरीत जे काळं सांडपाणी उरतं, त्याला कुजून जायला प्राणवायू लागतो : लिटरमागं साधारण चाळीस हजार मिलिग्रॅम. घरगुती गटाराच्या पाण्याला दोनशे ते तीनशे लागतात. नदीच्या चांगल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो लिटरला सात मिलिग्रॅमच्या आसपास. आता दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री नाल्यात रिकामा झाला असं समजा. त्याची भूक चारशे किलो प्राणवायूची. ती भागवायला जवळजवळ पावणेसहा कोटी लिटर नदीच्या पाण्यातला सगळा प्राणवायू लागेल. एका टँकरला. आणि उन्हाळ्यात पाणी जसं तापतं तसा त्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात बरगे घातलेले असले की पाणी हलत नाही, हवा मिसळत नाही. पाऊसकाळात जे पाप वाहून जातं तेच मार्चमध्ये जीव घेतं.

म्हणून कायद्यानं डिस्टिलरीतून असं पाणी बाहेर सोडायलाच बंदी आहे. कारखान्यांना सांडपाणी मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवावी लागतात आणि त्यांचे आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं जातात. हे आपल्यापैकी किती सभासदांना माहीत आहे? माझी पहिली मागणी इतकी साधी आहे की तिला खर्चसुद्धा फारसा नाही. तेच आकडे गेटवर, वजनकाट्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसतील असे लावा. काट्यावर आपण प्रत्येक किलोला डोळा लावून उभे असतो. त्याच डोळ्यांना ते आकडेही दिसू देत.

नदीचं दुखणं एकट्या कारखान्यांचं नाही, हेही तितकंच खरं. सांगलीचा शेरी नाला सगळा जिल्हा ओळखतो. शहराचं मैलापाणी नदीत जाऊ नये, ते धुळगावकडं नेऊन शुद्ध करून शेतीला द्यावं, ही योजना ऐकत ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. पण आमच्या गावची गटारंही घाटाच्या बाजूलाच उतरतात, आणि ग्रामसभेत त्यावर बोलणारे तीनच हात असतात. उसाला आपण खत किती टाकतो? पाटानं पाणी किती पाजतो? वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत पांढरी पडलेली क्षारपड रानं बघा, ती जास्त पाण्यानं आणि तुंबलेल्या निचऱ्यानं मेलेली आहेत. तिथला निचरा काढला तर तो जातो कुठं, नदीतच. आणि सरी तर आपण दरडीच्या पार कडेला नेली आहे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ काढून तिथंही दोन डोळ्यांची टिपरी लावली. मग पुरात दरड ढासळली की पंचनामा करायला तलाठ्याला बोलवायचं.

वरून येणाऱ्या पाण्याबद्दल एक गोष्ट जपून लिहिते. माझी धाकटी बहीण जत तालुक्यात दिली आहे. तिच्या गावाजवळच्या ओढ्याला म्हैसाळ योजनेचं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा तिनं मला फोन केला आणि नुसती रडली, बोललीच नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेतून पाणी उचलणाऱ्या योजनांनी दुष्काळी भागात जे केलं त्याला कृष्णाकाठच्या माणसानं बोट लावू नये. पण नदी ही त्या योजनांची पाइपलाइन झाली आहे हेही खरं. आवर्तन सुरू असलं की कृष्णा वाहते, बंद झालं की सांगलीच्या खाली दगड उघडे पडतात. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, त्यातलं मोठं पाणी वीज करून पश्चिमेला समुद्राकडं जातं. उरलेल्या प्रत्येक थेंबावर कुणाचं ना कुणाचं नाव लिहिलेलं आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पिण्याचं पाणी, शेतीचं पाणी, उद्योगाचं पाणी असे रकाने असतात. नदीचा रकाना नसतो. वाहत राहण्यापुरतं पाणी तिच्या नावावर धरा, एवढं म्हणायला त्या टेबलावर कुणी बसलेलं नसतं.

तिच्या नावावर म्हणजे कुणाच्या, तेही सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पात्रातल्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय अंडी घालतो. राखाडी पाठीचा, पिवळ्या चोचीचा, काळी टोपी घातलेला पक्षी. घरटं म्हणजे वाळूत नुसता खळगा. त्या बेटावर वाळूचा ट्रॅक्टर चढला किंवा वरून एका रात्रीत पाणी सोडलं की त्या वर्षीची पिल्लं गेली. याच दिवसांत मगर दरडीत अंडी पुरते. मऊ पाठीचं जे मोठं कासव आमच्या लहानपणी डोहात डोकं वर काढायचं, ते दख्खनच्या नद्यांतलं कासव आता जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून लागलं आहे. मी शेवटचं कधी बघितलं आठवत नाही. खडस मासा काकांच्या जाळ्यात पूर्वी यायचा, आता येतो तो चिलापी, जो आपल्या नदीचा नाहीच.

आता मला २०१९ चा ऑगस्ट आठवू द्या. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली. ती माणसं आपल्याच पाहुण्यारावळ्यांतली होती, त्यावर जास्त लिहिवत नाही. पण त्या दिवसांनी एक शिकवलं. ‘कोयनेतून किती सोडलं?’ ‘बहेला किती?’ ‘आयर्विनला किती?’ धरण, वाळव्यातलं बहे आणि सांगलीचा आयर्विन पूल यांच्या पाण्याचे हे तीन प्रश्न तेव्हापासून आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही येतात. पाऊस लागला की कराडचा माणूस पलूसला कळवतो, पलूसचा सांगलीला, सांगलीचा नरसोबाच्या वाडीला. फूट आणि इंच तासातासाला फिरतात, आणि ही साखळी लोकांनी स्वतः बांधली. पाणी जास्त झालं तर आपण एकमेकांना उठवतो. मग पाणी काळं झालं तर का उठवत नाही? त्या मार्चमध्ये वरच्या गावात मासे मध्यरात्रीच तडफडायला लागले होते, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. एक फोन आला असता तर आमची लिफ्ट आणि गावची पाण्याची मोटर तरी आम्ही बंद ठेवली असती. त्या दिवशी सकाळी गावानं तेच पाणी भरलं.

युरोपात ऱ्हाईन नदीवर असंच झालं होतं, आपल्यापेक्षा फार मोठं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वामीसारखे मासे मरून पडले. काठावरच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होता, पण कागदावर जास्त. त्या रात्रीनंतर त्याच्यात जीव आला. वरच्या देशात काही सांडलं की खालच्या देशाला लगेच कळवायचं, अशी पक्की व्यवस्था उभी राहिली. आणि त्यांनी ध्येय कसलं ठेवलं? अमुक मिलिग्रॅम नाही. सन २००० पर्यंत साल्मन मासा नदीत परत आला पाहिजे, हे ठेवलं. तो त्याच्या आधीच परत दिसायला लागला. कारखाने तिथं आजही आहेत. शेती आहे, शहरं आहेत, बोटी आहेत.

ते देश वेगळे, पैसा वेगळा, हे मला कळतं. पण भागीदारी आपल्याला बाहेरून शिकायची नाही. आपली लिफ्ट कशी उभी राहिली आठवा. सासरे सांगायचे, संस्थेच्या कर्जासाठी प्रत्येकानं आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढवून घेतला. नदीपासून सर्वांत लांब ज्याचं रान, त्याच्या शेतात पाणी जाईपर्यंत जॅकवेलजवळच्यानं पहिली पाळी घेतली नाही. तिकडं येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी काय केलं? १९८० च्या दशकात नदीची वाळू ट्रकनं जात होती आणि विहिरी आटत होत्या. मुक्ती संघर्ष चळवळीसोबत गावं उभी राहिली, उपसा अडवला, थोडी वाळू मोजून स्वतः विकली आणि त्यातून बळीराजा धरण बांधलं. पाण्याचं समन्यायी वाटप हे तत्त्व पहिल्यापासून धरलं. अग्रणीचं पात्र मोकळं करून तिला वाहती करण्यासाठी तासगाव-कवठेमहांकाळकडच्या गावांनी घाम गाळला तो तर अलीकडचा. नदीतून पाणी उचलायला आपण एकत्र आलो होतो. नदीत पाणी राखायला एकत्र यायचं, एवढाच फरक आहे.

म्हणून माझा ठराव असा आहे. दर टन उसामागं एक रुपया कृष्णेसाठी कापावा, सभासदाच्या लेखी संमतीनं. कारखान्यानं त्यात आपला एक रुपया घालावा. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे वर्षाला वीस लाख होतात. माझे ११८ रुपये जातील. टनाला तीन हजारांच्या वर दर घेताना एक रुपया कुणाला जड जाणार नाही, पण तो दिला की नदीच्या बाबतीत विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला येतो, शेअरवर येतो तसाच. मला त्या हक्काची किंमत पैशांपेक्षा जास्त वाटते.

हा पैसा एकेका कारखान्याच्या खात्यात पडून राहू नये. बहेपासून हरिपूरच्या वारणा संगमापर्यंत एकच निधी आणि त्याचं एकच टेबल असावं. त्यावर कारखाने बसतील, पाणीपुरवठा संस्था बसतील, पाटबंधारे, वन खातं, प्रदूषण मंडळ, महापालिका, काठच्या ग्रामपंचायती बसतील. पण भोई समाजाच्या माणसांशिवाय आणि घाटावर जाणाऱ्या बायांशिवाय बैठक भरली असं समजू नये. अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडं असावं, म्हणजे एका कारखान्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं की दोघंही समोरासमोर असतील. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, वर्षभर. मासे मेल्यावर बोलावलेली बैठक नको.

पैशाचं पहिलं काम म्हणजे नदीराखे. काठच्या गावागावांत एक भोई माणूस मानधनावर, हातात मावणारं प्राणवायू मोजायचं यंत्र देऊन. पहाटे आणि सांजेला मोजायचं, आकडा फिरवायचा, ‘आयर्विनला किती’ फिरतो तसा. पाच मिलिग्रॅमच्या खाली आला की वरच्यांना विचारायचं, तीनच्या खाली आला की खालच्यांना उठवायचं आणि मोटरी बंद करायच्या. नमुना तिथल्या तिथं, साक्षीदारासमोर, पाणी निघून जायच्या आत भरायचा. चौथी शिकलेल्या माणसानं मेलेल्या माशांवरून जे ओळखलं, त्याच्या हातात यंत्र दिलं तर तो मासे जिवंत असतानाच ओळखेल.

बरग्यांचंही या टेबलावर ठरवता येईल. बरगे कधी घालायचे, कधी काढायचे, एकदम की टप्प्याटप्प्यानं, हे आज प्रत्येक बंधाऱ्यावर वेगळं ठरतं. वरच्या बंधाऱ्यात साचलेलं घाण पाणी एका दिवसात सोडलं की खालच्याची नदी मेली. पाणी सोडायच्या वेळा नदीसुरयाच्या अंड्यांसाठी चार दिवस मागंपुढं करता येतात का, हेसुद्धा तिथंच विचारता येईल. विचारल्याशिवाय नाही कसं म्हणायचं?

मगरीवर थोडं लिहिलंच पाहिजे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ हा मगरींचा पट्टा. माणसं गेली आहेत, जनावरं गेली आहेत, तेव्हा गावाचा राग खोटा नाही. पण सगळ्या मगरी पकडून न्या ही मागणी मला पटत नाही. ती इथं आपल्या आधीपासून आहे, कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि दरड सरीखाली घेऊन, वाळू उपसून तिची जागा आपणच आकसवली. माझं म्हणणं एवढंच की मगरीच्या प्रश्नात सर्वांत आधी धुणं घेऊन नदीवर जाणाऱ्या बाईकडं बघा. ती हौसेनं जात नाही. वस्तीवर पुरेसं पाणी आणि धुण्याचा कट्टा झाला तर निम्मं भांडण तिथंच मिटेल. उरलेल्यासाठी घाटाला पाण्यात मजबूत जाळीचं कुंपण, आणि अंड्यांच्या दिवसांत त्या दरडीवर कुणी जायचं नाही असा गावाचा ठराव. निधीतून पहिल्या वर्षी दोन गावांत हे करून बघावं.

आणि डोह. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून खडस राखले आहेत, तिथं कुणी गळ टाकत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ बोटाएवढा एक मासा नव्यानं सापडला, तर शासनानं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी जे होतं ते कृष्णेच्या एका डोहासाठी का होऊ नये? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती आहे, पण तिची नोंदवही कपाटात आहे. ती काढा, भोई लोकांना विचारून भरा, आणि प्रत्येक गावानं एक डोह ठरवून विणीच्या दिवसांत बंद ठेवा. त्या दिवसांत मासेमारीवर पोट असणाऱ्यांचा रोज बुडेल, तो निधीतून द्या. जो देणार नाही त्यानं डोह बंद करायची भाषा करू नये.

माझ्या स्वतःच्या रानात तीन वर्षांपूर्वी मी दरडीकडचे तीन गुंठे सोडले. वाळुंज लावले, बांबू लावला, बाकी आपोआप आलं. शेजारी म्हणाले, वहिनींचं डोकं फिरलं, तीन गुंठ्यांत चार टन ऊस गेला. गेला, खरं आहे. गेल्या मे महिन्यात त्या वाळुंजाखाली धीवराच्या जोडीनं बीळ केलं होतं. चार टन देऊन मला ते मिळालं आणि मला महाग पडलं नाही. सगळ्यांनी असं करावं अशी जबरदस्ती मी करणार नाही. पण दरडीची पट्टी सोडणाऱ्याला कारखान्यानं ऊस नोंदीत थोडं झुकतं माप द्यावं, तोड लवकर द्यावी, हे संचालक मंडळाच्या हातात आहे. तोडीसाठी आपण काय काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

हे सरकारचं काम आहे असं म्हणणारे उठतील. सरकारचं आहेच, आणि ते त्यानं केलंच पाहिजे, कुणाला दंडातून सूट मिळावी म्हणून मी हा रुपया देत नाही. जो कारखाना या टेबलावर बसेल आणि रात्री नाला सोडेल, त्याचं नाव त्याच टेबलावर वाचून दाखवलं जाईल, अशी तरतूद ठरावात लेखी हवी. त्यात माझा कारखाना निघाला तरी.

सोबत माझं संमतीपत्र जोडलं आहे : चालू हंगामापासून टनाला एक रुपया. सभेच्या दिवशी मी डाव्या बाजूला, बायकांच्या रांगेत असेन. माझ्यासोबत भोईकाका येणार आहेत. त्यांच्या नावावर ऊस नाही, शेअर नाही, म्हणून त्यांना सभेत बोलायचा हक्क नाही. पण अध्यक्षांच्या परवानगीनं बोलता येतं. आयत्या वेळच्या विषयात त्यांना पाच मिनिटं द्यावीत, ही परवानगी मी या पत्रानं मागते आहे.

आपली,
एक सभासद
कृष्णाकाठ, ता. पलूस, जि. सांगली